साखरेच्या भांड्याखालचा कागद

५ सप्टेंबर १९९३

दारका,

हे पत्र फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाच आणि मग फाड. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले. सात वर्षांत तुला एकवीस पत्रं टाकली आणि तीन उत्तरं आली. त्यातलं एक तर नुसतं पत्ता बदलल्याचं कार्ड होतं. मी मोजत नव्हते, पण आईच्या लक्षात राहतं.

ट्रकमध्ये बसून लिहितेय, उत्तरेकडच्या गव्हाच्या कडेला. हार्वेस्टरची टाकी भरली की ओरेस्ट हात करतो. मग मी ट्रक त्याच्या बाजूला घेते, दाणे भरून घेते, कोठारात ओतून परत येते. मधल्या वेळात चार ओळी होतात, म्हणून अक्षराला नावं ठेवू नकोस. वयाच्या साठीला टेकले तरी हे सुटलेलं नाही, आणि पाच वाजता सगळ्यांचं जेवण शेतावर आणायचं ते वेगळंच. काल धान्य सोसायटीचा माणूस आला होता. तुझे तातो त्याला म्हणाले, 'काय करणार, आम्ही दोघे बापलेकच सगळं ओढतो.' मी तिथेच, ट्रकच्या फळीवर भांडी मांडून त्या माणसाला वाढत होते. त्याने दोनदा घेतलं आणि जाताना तुझ्या तातोंचे आभार मानले.

आता कामाचं. तुझे तातो घराचा तुकडा ओरेस्टच्या नावावर करतायत. बाकीची जमीन तर त्याच्याकडे गेलीच आहे, हा तेवढा राहिला होता. घर, कोठारं, विहीर, तुझ्या आजोबांनी झाडं पाडून आणि दगड वेचून मोकळे केलेले एकशेसाठ एकर, सगळं आलं त्यात. वकिलाकडून कागद आलाय. नाव तुझ्या तातोंचं एकट्याचं आहे, पण नवरा-बायको राहतात ते घर बायकोच्या सहीशिवाय देता येत नाही, असा इथला कायदा आहे म्हणे. पंधरा नोव्हेंबरला शहरात जायचंय. तोवर कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर, साखरेच्या भांड्याखाली ठेवलाय.

तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. मला विचारशील तर माझ्या हातात काय आहे? तुझे तातो ऐकतात का कुणाचं? त्या नाताळच्या जेवणालाही ठरवलं त्यांनी आणि सांगितलं त्यांनी. मी वाढत होते.

ओरेस्ट हात करतोय.

तुझी,
आई


१९ सप्टेंबर

दारका,

मला उत्तर दिलं नाहीस, पण ओरेस्टचा फोन मात्र उचललास. लपवू नकोस. मी गॅरेजच्या मागे बटाटे काढत होते आणि खिडकी उघडी होती.

मंगळवारी भर कापणीत हार्वेस्टरची पुढची साखळी उतरली. बसवली की पुन्हा उतरायची. आकाश भरून आलेलं, ओरेस्ट आत-बाहेर करून रडकुंडीला आलेला, आणि तुझे तातो नुसते शिव्या घालत उभे. शेवटी ओरेस्ट म्हणाला सुटा भाग बघून येतो, आणि गॅरेजमध्ये शिरला. मग मी ऐकलं. 'दारका, ठेवू नकोस, मी आहे.' मग बराच वेळ तो नुसता हं हं करत होता. मग म्हणाला, 'म्हणजे दात्याचं चाक काढून उलटं बसवायचं? न झिजलेली बाजू पुढे?' तू तिकडे अल्बर्टात दुसऱ्याच्या शेतावर उभी राहून सांगितलंस आणि इकडे आमचं यंत्र अर्ध्या तासात चालू झालं. पाऊस यायच्या आत सगळा तुकडा निघाला.

संध्याकाळी शेतावर जेवताना तुझ्या तातोंनी ओरेस्टच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, 'शेवटी रक्त कुणाचं आहे! हे शिकवून येत नाही.' ओरेस्टने मान वर केली नाही. मी बटाटे वाढत होते, वाढत राहिले. तोंडात मूग धरून बसायची मला चांगली सवय आहे.

भांडी गोळा करताना मी त्याला म्हटलं, तातोंना खरं का सांगितलं नाहीस? तो म्हणाला, 'आई, सांगून तिला जमीन मिळणार आहे का? मग माझीच लाज का घालवू?' राग आला, पण खोटं काहीच नव्हतं. तो वाईट नाही गं. त्याला आयतं ताट मिळालं आणि त्याने ते ओढून घेतलं. कुणीही घेतलं असतं.

तेव्हापासून ते जेवण आठवतंय. बारा पदार्थांचं पवित्र जेवण, तू सातव्याला उठलीस. तुझे तातो म्हणाले होते, 'जमीन ओरेस्टची, दारकाला आपण लग्नात चांगलं देऊ.' तू चमचा खाली ठेवलास. शेतीचं शिक्षण घेऊन आलेली पोर, चौदाव्या वर्षापासून हार्वेस्टर चालवणारी. तुझी आजी ओरडली, मधे उठू नकोस, या ताटावरून जो मधे उठतो तो घरातून तुटतो. तू कोट घातलास आणि गेलीस. आजीचं म्हणणं खरं झालं असं सगळे अजून म्हणतात. त्या जेवणात मी वीस-बावीस वेळा उठते, सूप आणायला, मासे आणायला, पाव कापायला. ते उठणं कुणी धरत नाही.

तुझ्या तातोंना तुझं काम दिसत नव्हतं असं समजू नकोस. एकदा तर त्यांनीच

जाऊ दे. ट्रक भरलाय.

आई


१२ ऑक्टोबर

दारका,

तुझं कार्ड आलं. दोनच ओळी लिहिल्यास. 'सही करून टाक, मला तिथलं काही नको. आणि "एकदा तर त्यांनीच" याच्या पुढे काय होतं?'

लहानपणापासून तुझं हे असंच. शंभर गोष्टी सांगाव्यात आणि तू नेमकी न सांगितलेली पकडावीस.

पुढे काही नव्हतं. एकदा त्यांनी तुझं कौतुक केलं होतं, एवढंच. काल कापणीनंतरच्या आभाराच्या सणाचं जेवण झालं, ओरेस्ट आणि त्याची बायको कॉलीन आले होते. टर्की जरा कोरडी झाली. कॉलीन दिवसपाळी करून दवाखान्यातून आली आणि तशीच भांडी घासायला उभी राहिली. ओरेस्ट सोफ्यावर झोपला. मी तिला म्हटलं, बस गं जरा. ती म्हणाली, 'मी बसले तर तुम्ही उठाल.' मग आम्ही दोघींनी घासली.

ते गेल्यावर तुझ्या तातोंनी साखरेच्या भांड्याखालचा कागद काढला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. वर पेन. म्हणाले, 'आधीच करून ठेव, म्हणजे तिथे वेळ जायला नको.' मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा माझ्या डोक्यावर होता. त्यांनीही पाहिला, मीही पाहिलं की त्यांनी पाहिला. कागद पुन्हा भांड्याखाली गेला, पेन मात्र तिथेच राहिलं. आता चहा घेताना रोज ते आमच्या दोघांच्या मधे असतं.

तू म्हणतेस सही कर. सगळेच म्हणतात. मग माझा हात का चालत नाही, ते मला कळत नाही. म्हणजे कळतं, पण ते लिहायचं नाहीये.

आई


३१ ऑक्टोबर

दारका,

हे पत्र तीनदा लिहून चुलीत घातलं. चौथ्यांदा लिहितेय आणि आता सरळ जाऊन पेटीत टाकणार आहे, परत वाचणार नाही.

तू गेलीस त्याच्या आधीच्या शरदात, पंच्याऐंशी साली, आम्ही चर्चमधून परत येत होतो. ट्रकमध्ये आम्ही दोघंच. कोपऱ्यावरच्या तळ्याशी तुझ्या तातोंनी ट्रक हळू केला आणि रस्त्याकडे बघतच विचारलं, 'पूर्वेचा तुकडा आणि पुढेमागे घराचा, दारकाच्या नावावर केला तर? पोरगी ओरेस्टपेक्षा बरं चालवेल. तुला काय वाटतं?'

त्यांनी मला विचारलं होतं, दारका. लग्नानंतर तीस वर्षांत जमिनीबद्दल त्यांनी मला विचारलं ते त्या एकाच वेळी.

आणि मी नाही म्हटलं.

मी म्हटलं, ती उद्या लग्न करून जाईल, आडनाव बदलेल, बापजाद्यांची जमीन परक्याच्या घरात जाईल. ओरेस्टने कुठे जायचं? लोक तुम्हाला हसतील, म्हणतील वासिलच्या मुलात काही खोट असणार. सगळं पटापट बोलले. तळ्यापासून घरापर्यंत पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात मी तुझं भलंबुरं सगळं उरकून टाकलं. ते म्हणाले, 'बरं, तू म्हणतेस तसं.' पुन्हा विषय काढला नाही.

ती कारणं खोटी नव्हती, पण खरं कारण त्यात नव्हतं. मी अकरा वर्षांची असल्यापासून माझ्या बापाच्या शेतात घोडे हाकले. माझ्या भावाला, पेट्रोला, घोड्यांची भीती वाटायची. जमीन पेट्रोला मिळाली. मला पिसांची गादी, एक गाय आणि शिवणयंत्र मिळालं. मी आईजवळ रडले तेव्हा ती म्हणाली, मुलीच्या जातीला जमीन कशाला हवी. मी डोळे पुसले आणि तेच खरं मानून चालले. मानलं म्हणून जगता आलं. आणि तीस वर्षांनी ट्रकमध्ये कळलं की ते मानायची गरजच नव्हती, एखादा बाप सहज विचारू शकतो. तेव्हा मला आनंद नाही झाला. माझा जळफळाट झाला. मला मिळालं नाही ते हिला का मिळावं? झालं, लिहिलं.

सात वर्षं तू तुझ्या बापावर राग धरलास आणि मी धरू दिला. मागच्या वेळी फोन ठेवून द्यायच्या आधी तू 'तातो' म्हणाली नाहीस, 'तुझा नवरा' म्हणालीस. तेव्हाही मी गप्प बसले. तेही कधी बोलले नाहीत. चांगुलपणाने, की त्यांनाही तेच सोयीचं होतं, मला सांगता येणार नाही. शेवटी ओरेस्टचं नाव त्यांनीच उच्चारलं, तेवढा दोष त्यांचा. पण आधी दार मी लावलं होतं.

आता ती सही पुन्हा माझ्याकडेच आली आहे. पंधरा दिवस उरलेत.

माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यावी लागेल आणि तुझ्यावर आणखी एक काम पडेल.

आई


१६ नोव्हेंबर

दारका,

माझं पत्र परत आलं. तू फोडलंस, वाचलंस, चिकटपट्टी लावून नव्या पाकिटात घालून परत पाठवलंस, सोबत एक अक्षर नाही. पाकीट वाकडं होऊन आलं, म्हणजे दाबून दाबून बंद केलेलं. ठीक आहे. मी असते तर मीही हेच केलं असतं. पण कालचं तुला कळायला हवं.

सकाळी बर्फ पडलेलं. तुझ्या तातोंनी चर्चचा कोट घातला, मी निळा. पन्नास किलोमीटरमध्ये ते एकदाच बोलले, 'हीटर वाढवू का?' मी म्हटलं, वाढवा.

जुना वकील गेला, आता त्याच्या खुर्चीत एक तरुण आहे. सर्दी झालेली, नाक लाल. त्याने कागद उघडला आणि मला विचारलं, 'बाई, तुम्ही हे स्वखुशीने करताय ना?' मी तोंड उघडायच्या आत तुझे तातो म्हणाले, 'तिची काही हरकत नाही.' अगदी मागच्यासारखं. अडुसष्ट साली दलदलीकडची जमीन विकली तेव्हाही तेच उत्तर देऊन मोकळे झाले होते. तेव्हाच्या वकिलाने मान डोलावली होती आणि मी सही केली होती, कारण घरी ओव्हनमध्ये केक होता.

या पोराने नाक पुसलं आणि म्हणाला, 'साहेब, तुम्हाला बाहेर बसावं लागेल. कायद्याने मला त्यांना एकटीला विचारायचं असतं.' तुझ्या तातोंना वाटलं तो चेष्टा करतोय. अडतीस वर्षांचा संसार आणि कुणी त्यांना माझ्यापासून बाहेर बसायला सांगतंय. टोपी हातात फिरवत ते माझ्याकडे बघत राहिले. मग ते गेले आणि दार लागलं.

'कुणाचा दबाव नाही ना?' त्याने विचारलं.

मी म्हटलं, दबाव म्हणजे नक्की काय ते सांग. हात उगारला नाही त्यांनी कधी. आवाजही चढवत नाहीत. पेन तेवढं ठेवतात टेबलावर.

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, 'म्हणजे, नाही म्हणायची भीती वाटते का तुम्हाला?'

बाई गं, काय सांगू. मी त्याच्या टेबलावरच्या पेनाकडे बघत बसले. आणि मग जे तोंडातून आलं ते मी ठरवून आले नव्हते. मी म्हटलं, 'भीती कसली वाटणार, मला सवयच नाही. सगळ्या संसारात मी एकदाच नाही म्हटलं. ते माझ्या लेकीला.'

रडले. त्याने त्याच्या नाकाचे कागदी रुमाल पुढे केले. मग मी त्याला सांगितलं की सही करत नाही. आणि विचारलं, या जमिनीवर माझं नाव लागू शकतं का, निम्म्यावर? तो म्हणाला, नवरा तयार असेल तर लागतं. मी म्हटलं, मग तसा कागद कर. आधी माझं नाव येऊ दे. माझं पुढे कुणाला द्यायचं ते माझं मी बघेन.

बाहेर तुझे तातो माझा कोट हातावर घेऊन उभे होते. म्हणाले, 'झालं?' मी म्हटलं, नाही. गाडीत हीटरचंही कुणी बोललं नाही.

आई


१९ डिसेंबर

दारका,

तू लिहिणार नाहीस हे धरून चालले आहे. तरी ऐक.

पाच दिवस घरात नुसती घड्याळाची टिकटिक. सहाव्या दिवशी चहाच्या वेळी तुझ्या तातोंनी विचारलं, 'हे तिच्यासाठी करतेयस?' मी म्हटलं, आधी माझ्यासाठी. मग सांगितलं की ट्रकमधलं सगळं मी तुला लिहिलंय. ते कपाकडे बघत म्हणाले, 'कशाला लिहिलंस? तिचा राग माझ्यावर होता, माझ्याकडेच राहिला असता.' त्यांना बरं म्हणावं की त्यांच्यावर चिडावं, मला कळेना. दोन्ही झालं. मी म्हटलं, तुमचा राग तुमच्याकडे ठेवा, माझा मला द्या.

ओरेस्ट येऊन भांडून गेला. म्हणाला, माझ्या पोटावर पाय दिलास. मी म्हटलं, सात तुकडे तुझ्याकडे आहेत, पोट केवढं आहे तुझं? दार आपटून गेला. चार दिवसांनी पुन्हा आला आणि कोट न काढता बापासमोर उभा राहिला. म्हणाला, 'तातो, ती साखळी मी नव्हती बसवली. दारकाने फोनवर सांगितलं होतं.' तुझे तातो म्हणाले, 'मला माहीत आहे. चाक उलटं करायची युक्ती तिला मीच शिकवली होती, तुला जमली नव्हती. त्या दिवशी मलाही सुचली नाही, उलटं बसवलेलं चाक बघितल्यावर आठवली.' म्हणजे त्या दिवशी शेतावर पाठ थोपटली तेव्हाही त्यांना माहीत होतं. मी तिथून उठून कोंबड्यांकडे गेले, नाहीतर काहीतरी फेकून मारलं असतं.

वकिलाचा नवा कागद आलाय, दोन नावांचा. तोही साखरेच्या भांड्याखालीच ठेवलाय. यावर सही त्यांची लागते. मी पेन शेजारी ठेवलंय. ते रोज तिन्ही वेळच्या चहात दोन-दोन चमचे साखर घालतात, म्हणजे दिवसातून तीनदा त्यांना भांडं उचलावं लागतं. अजून केलेली नाही. परवा विनासाखरेचा प्यायले.

सहा जानेवारीला, आपल्या चर्चच्या जुन्या पंचांगाच्या नाताळच्या आदल्या रात्री, ते बारा पदार्थांचं जेवण आहे. दरवर्षी मी एक रिकामं ताट मांडते. पहिल्या वर्षी तुझे तातो म्हणाले होते, ते ताट मेलेल्यांसाठी असतं. मी म्हटलं होतं, वाट चुकलेल्यांसाठीही असतं. या वर्षी मी दोन ताटं मांडणार आहे, एक मेलेल्यांचं, एक तुझं, म्हणजे घोळ नको. सही झालेली असेल किंवा नसेल, तुझं ताट असेल. जमिनीचं आमिष दाखवून बोलावतेय असं समजू नकोस. आमिष दाखवायला माझ्या नावावर अजून काही नाही.

आणखी एक. मी सगळ्यांना सांगून टाकलंय की या वर्षी एकदा बसले की मी शेवटच्या पदार्थापर्यंत उठणार नाही. बसूनच जेवणार, बाकीच्यांसारखी. तुझे तातो घाबरून म्हणाले, 'मग आणणार कोण?' मी म्हटलं, पदार्थ बारा, माणसं चार. प्रत्येकाने तीनदा उठायचं, माझे तीन मी आधीच आणून ठेवीन. ते बोटांवर मोजत बसले. कॉलीन हसली, पहिल्यांदाच माझ्या घरात एवढ्या मोठ्याने. तुझ्या तातोंच्या वाट्याला सूप, मासे आणि सातवा पदार्थ आलाय. सातवा त्यांनी स्वतः मागून घेतला.

तू आलीस तर आपण पाच होतो आणि बाराला पाचाने भाग जात नाही. ये आणि बिघडव.

आई